सेंद्रिय, पण कुणाच्या शब्दावर?

आंब्याचा हंगाम आला की चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांचे छापे पडू लागतात. आढीत आंबा पिकायची वाट पाहायला घाईतला व्यापारी तयार नसतो; तो पेटीत कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या सारतो. कार्बाइडला बंदी आहे, ठरलेल्या मर्यादेत इथिलीन वायू चालतो. निदान इथे पुडी तरी हाती लागते.

सेंद्रिय भाजीत हाती लागण्यासारखे काही नसते. फवारणीचे अवशेष प्रयोगशाळा शोधते. पण गेल्या वर्षी त्या रानात युरिया पडला होता का, हे वांगे कापून कळत नाही. म्हणून शेताच्या नोंदी लागतात. सेंद्रिय अन्नाविषयीच्या २०१७च्या सरकारी नियमांनी त्यासाठी दोन वाटा मान्य केल्या. एका वाटेत त्रयस्थ संस्था तपासणी करते. दुसरीत, म्हणजे पीजीएसमध्ये, शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेते पाहतात. रासायनिक शेती सोडून सेंद्रियाकडे निघालेल्या, पण अजून न पोहोचलेल्या शेतमालाला 'पीजीएस-ग्रीन' असे वेगळे लेबल मिळते. बाजारातले सर्वांत प्रामाणिक लेबल बहुधा हेच, कारण ते स्वतःचे अपुरेपण छापून सांगते.

वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या शेतकऱ्याला थेट विक्रीत प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र प्रमाणित सेंद्रिय मालावरचे 'जैविक भारत'चे बोधचिन्ह त्याला वापरता येत नाही. चेन्नईत 'रीस्टोअर' किंवा 'ऑरगॅनिक फार्मर्स मार्केट'सारखे उपक्रम शेतकरी आणि गिऱ्हाइकाच्या थेट नात्यावर उभे राहिले. दुकानातले कुणी बांधावर जाऊन येते तोवर ही ओळख प्रमाणपत्राइतकी भक्कम असते. मध्ये चार हात वाढले की कागद हवाच.

खरी गडबड 'नॅचरल', 'केमिकल फ्री', 'फार्म फ्रेश' या पाट्यांची. त्या वाचून गिऱ्हाईक सेंद्रियाचा भाव मोजते, आणि शेजारी साधी म्हणून विकली जाणारी, कदाचित तितकीच नीट पिकवलेली भाजी उगाच बदनाम होते. साध्या भाजीला साधी म्हणण्यात कमीपणा कसला?

चुकीच्या लेबलाला ३ लाखांपर्यंत आणि फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड कायद्यात आहे. पाकिटावर निदान प्रमाणपत्राचा क्रमांक पडताळता येतो. टोपलीतल्या सुट्या वांग्यांवर खडूने लिहिलेली पाटी असते. तिथे गिऱ्हाइकाने गावाचे आणि शेतकऱ्याचे नाव विचारावे, आणि दुकानदाराकडे ते असावे.