तिकीट काढून आलेला माणूस

आज वनक्षेत्रपाल म्हणून रुजू व्हायला निघालेल्या मित्रमैत्रिणींनो,

अठरा महिने तुम्ही वनशास्त्र शिकलात, झाडं मोजलीत, कवायत केलीत, कायद्याची कलमं घोकलीत. नेमणूक म्हटलं की तुमच्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मेळघाट येत असेल, ताडोबा येत असेल, नाहीतर गडचिरोलीचं सागाचं रान. पण काहीजणांना अशा रेंजमध्ये जावं लागेल, जिथे रविवारी सकाळी फाटकावर तिकिटाची रांग लागते. आजीआजोबा, मुलं, डबे, क्रिकेटची बॅट, शाळेच्या सहलीच्या बसगाड्या. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, साताऱ्याचं कास पठार, भंडारदऱ्याचा परिसर. अशा नेमणुकीचं पत्र आलं की खात्यातलाच कोणीतरी म्हणतो, ‘तिथे कसलं जंगल, नुसती माणसं सांभाळायची.’ माझ्या नोकरीचा मोठा काळ अशाच जागी गेला. माणसं सांभाळणं हेच तिथलं जंगल सांभाळणं असतं, एवढंच आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

आधी कायदाच बघू. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं 28 वं कलम आठवा. अभयारण्यात कोणाकोणाला परवानगी देता येते? वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, तिथे राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार, आणि पर्यटन. संशोधकाच्या रांगेतच पर्यटक उभा आहे. राष्ट्रीय उद्यानालाही हीच तरतूद लागू होते. तिकीट काढून आलेल्या माणसाला कायद्यानंच आत घेतलं आहे, आपण त्याच्यावर उपकार करत नसतो. त्याच्या आधीचं 27 वं कलम हेही सांगतं, की आत आलेल्यानं वन्यप्राण्याला त्रास द्यायचा नाही आणि कचरा टाकायचा नाही. या दोन कलमांच्या मधे तुम्हाला रोज उभं राहायचं आहे.

बोरिवलीचंच घ्या. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं हे रान मुंबई आणि ठाण्याच्या मधे टिकलं, त्याचं एक मोठं कारण पाणी. 1860 मध्ये विहार तलाव झाला, 1879 मध्ये तुळशी. शहराला स्वच्छ पाणी हवं होतं, म्हणून त्याभोवतीच्या डोंगरांवरचं रान राहिलं. त्याच्याही कितीतरी आधीपासून माणसं कान्हेरीच्या लेण्यांकडे चढून येत आहेत. महाशिवरात्रीला ती गर्दी आजही उसळते. आत वारल्यांचे, कोकणा आणि महादेव कोळ्यांचे पाडे आहेत. 2015 च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान आणि त्याच्या आसपास 35 बिबटे आढळले होते. 2024 मध्ये आठ वर्षांनी कारवी फुलली, तेव्हा तिला बघायला लोक मुद्दाम आले. एवढं सगळं ज्या रेंजमध्ये नांदतं, तिला ‘खरं जंगल नाही’ म्हणणाऱ्यांनी जंगल या शब्दाचा फार छोटा अर्थ करून ठेवला आहे.

आता बिबट्याविषयी सविस्तर बोलतो, कारण आपल्या खात्यानं या विषयात जे शिकून घेतलं त्याला मोठी किंमत पडली आहे. 2004 च्या जून महिन्यात या उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत दहाच्या आसपास माणसं गेली. तेव्हाची रीत ठरलेली होती. बिबट्या दिसला की लोक चिडणार, पुढारी फोन करणार, पिंजरा लागणार, आणि पकडलेलं जनावर दुसऱ्या रानात नेऊन सोडायचं. डॉ. विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून दिसलं, की असं उचलून सोडल्यामुळे, जिथे सोडलं तिथल्या आसपास हल्ले वाढतात. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, भटकतं. ज्या जागेवरून त्याला उचललं तिथे दुसरा बिबट्या येतो. 2009 मध्ये माळशेज घाटात कॉलर लावून सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालत याच उद्यानापर्यंत आला, हे तुम्ही वाचलं असेल. 2011 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पकडून दुसरीकडे सोडण्याला आळा घातला. त्याच वर्षी वनविभाग, अभ्यासक आणि शहरातले नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम सुरू केला.

सूचना कागदावर असतात. रात्री साडेनऊला सोसायटीच्या आवारात दीडशे लोक जमलेले असतात आणि सेक्रेटरी म्हणत असतात, ‘साहेब, आधी पिंजरा लावा, मग काय ते बोलू.’ त्या घटकेला तुम्ही काय करता, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. पिंजरा लावणं सोपं असतं. लोक शांत होतात, फोटो निघतो, वरिष्ठही सुटतात. मी पाहिलेल्या सगळ्यात चांगल्या आरएफओंनी, म्हणजे वनक्षेत्रपालांनी, अशा वेळी टॉर्च मागितली आणि जमावातल्या चार जाणत्यांना बरोबर घेऊन इमारतीच्या मागची बाजू गाठली. तिथे कचऱ्याचा ढीग, ढिगावर सात-आठ कुत्री, शेजारी संरक्षक भिंतीचा पडलेला भाग. आरएफओ फार बोलले नाहीत. म्हणाले, ‘बिबट्या या कुत्र्यांसाठी येतो. कुत्री या ढिगासाठी येतात. ढीग कोणाचा?’ मग अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं न सोडणं, वस्तीतल्या ज्या बायाबापड्यांना उघड्यावर जावं लागतं त्यांनी सोबतीनं आणि उजेड घेऊन जाणं, कारण बसलेला माणूस जनावराला लहान दिसतो, हे सगळं त्यांनी तिथेच उभं राहून सांगितलं. आठवड्यानं ते पुन्हा गेले. ढीग उचलला होता. या दुसऱ्या फेरीला मी पहिलीपेक्षा जास्त महत्त्व देतो. पहिल्या वेळी लोकांनी खात्याचं ऐकून घेतलं होतं, दुसऱ्या वेळी त्यांना खात्री पटली की हा माणूस पळून जाणारा नाही.

रोजच्या कामातला मोठा भाग मात्र बिबट्याचा नसतो, माकडांचा असतो. शनिवारी सकाळी हातात केळ्यांची पिशवी घेऊन आलेले एक वयस्कर गृहस्थ मला आठवतात. मारुतीला नमस्कार करून आले होते, मनात पुण्याची भावना होती. त्यांच्यावर शिट्टी वाजवून ओरडणारे गार्ड मी पुष्कळ पाहिले. असा माणूस ओशाळतो आणि पुढच्या वळणावर केळी टाकूनच जातो. त्या दिवशी बीटवर पाड्यातलीच एक तरुण वनरक्षक होती. ती त्यांना उंबराखाली घेऊन गेली. झाड पिकलं होतं, वर माकडांची टोळी चरत होती, खाली अर्धवट खाल्लेल्या उंबरांचा सडा. ती म्हणाली, ‘काका, यांचं ताट इथे वाढलेलं आहे. तुमच्या केळ्यासाठी ही रस्त्यावर उतरतात आणि गाडीखाली येतात. पिल्लू पोटाशी असतं तेव्हा दोन्ही जातात.’ मग तिनंच पिशवी त्यांच्या हातात नीट परत दिली. त्यांची पिशवी हिसकावली नाही, दंडाचं पुस्तक काढलं नाही. दंड करायचा अधिकार तुम्हाला आहे, बेदरकार माणसाला तो जरूर करा, दारूच्या बाटल्या फोडणाऱ्याला तर दयामाया दाखवू नका. पण श्रद्धेनं चूक करणारा आणि माजानं चूक करणारा, यांतला फरक ज्याला कळत नाही त्यानं फाटकावर उभं राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कासची गोष्ट वेगळी आहे. तिथे जांभ्या कातळावर मातीचा थर इतका पातळ, की काही ठिकाणी बोटाचं पेरही बुडत नाही. तेवढ्यात गेंद उगवतो, सोनकी उगवते, आणि ओलसर जागी सीतेची आसवं, जी मातीत अन्न कमी म्हणून बारीक जीव पकडून जगतात. फुलांत आडवं पडून फोटो काढणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसायादीत गेला, त्यात कास होतं. गर्दी वाढत गेली. मग दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, शुल्क आलं, आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांतली माणसं व्यवस्था बघू लागली. पठाराला तारेचं कुंपणही घातलं गेलं. कुंपणानं पाय थांबले, पण गुरंही थांबली, आणि चराई बंद झाल्यावर उंच गवतं माजून छोट्या फुलझाडांना मारक ठरतात, असं अनेक वनस्पतिअभ्यासक सांगू लागले. पुढे ते कुंपण काढण्यात आलं. तिथे गावचा माणूस दोरी धरून उभा असतो, ‘पायवाट सोडू नका’ म्हणतो, फुलाचं नाव सांगतो. कुंपणापेक्षा तो मला जास्त भरवशाचा वाटतो. त्याला हंगामाचे पैसे वेळेवर मिळतात का, ही तुमची जबाबदारी.

या कामात धोका नाही असं कोणी समजू नका. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या पायी सर्वेक्षणात आपली एक वनरक्षक भगिनी वाघिणीच्या हल्ल्यात गेली. पर्यटनाच्या जागी धोक्याचं रूप निराळं असतं: धबधब्यात उतरलेली पोरं, धुक्यात वाट चुकलेला गट, मद्यधुंद टोळकं आणि समोर एकटा गार्ड. गार्डला अशा जागी एकटं पाठवू नका. वायरलेस चालू आहे का ते स्वतः तपासा.

तुम्ही रुजू व्हाल तेव्हा आगीचा हंगाम तोंडावर असेल. 15 फेब्रुवारी ते 15 जून. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, त्याच्या आधी काढून झालेल्या हव्यात. आणि वणवा कोण विझवतं, तर पाड्यातले वनमजूर, हातात ओल्या फांद्या नाहीतर ब्लोअर घेऊन, कित्येकदा पायात साध्या चपला घालून. आजवर ज्या रेंजमध्ये आग लवकर आटोक्यात आलेली पाहिली, तिथल्या आरएफओला या माणसांची नावं पाठ होती. लोकांना आत घेणारं रान हीच माणसं उभं ठेवतात. म्हणून रुजू झाल्याच्या दिवशी, चार्ज घेताना, गाड्या आणि बंदुकांच्या यादीबरोबर हंगामी मजुरांचीही यादी मागा. कोणाची मजुरी थकली आहे, कोणाचा विमा काढलेला नाही, कोणाला बूट मिळालेले नाहीत, ते तिच्यात लिहून घ्या, आणि 15 फेब्रुवारीच्या आत ते मार्गी लावा.