केमो परळला, ताप कडावला



कॅन्सरचा विषय निघाला की आपण डॉक्टरांबद्दल बोलतो, मशिनींबद्दल बोलतो, औषधांच्या किमतींबद्दल तर तासन्‌तास बोलतो. आज मला नर्सबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही तिच्या पैशांबद्दल.

आमच्या कर्जत तालुक्यातल्या माणसाची केमो परळला होते आणि तिचा त्रास गावी, कडावला. टाटा रुग्णालयाच्या डे केअरमध्ये दिवसा सलाइन लागतं, संध्याकाळी माणूस दादरहून कर्जत लोकल पकडतो, पुढे रिक्षा किंवा एसटी. पहिले दोन-तीन दिवस मळमळ, उलट्या. तेवढं घरचे धरूनच चालतात. खरा धोका पुढच्या आठवड्यात असतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. पेशंट म्हणतात, 'काउंट उतरलेत.' त्या दिवसांत थर्मामीटरने १००.४ दाखवलं तर तो हवापालटाचा ताप समजून चालत नाही. घरी कोणीतरी तापाची गोळी देतं, घाम सुटतो, ताप उतरतो, सगळे निर्धास्त झोपतात. आत संसर्ग पसरतच असतो. अशा रुग्णाला दवाखान्यात पाऊल ठेवल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. रात्री नऊ वाजता आरोग्य केंद्रात त्याची फाइल उघडून 'शेवटची केमो कुठल्या तारखेला झाली?' असं आधी कोण विचारणार? बहुतेक वेळा सिस्टरच. आणि हा प्रश्न तिला सुचायला हवा असेल तर कोणीतरी तो तिला शिकवलेला असावा लागतो.

जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्यात कॅन्सर हा अनेक धड्यांतला एक धडा. पुढे ऑन्कॉलॉजी नर्सिंगची एक वर्षाची पदविका असते. टाटा रुग्णालयातही ती शिकवतात. हे वर्ष बाकावर बसून काढायचं नसतं, बरंचसं वॉर्डात उभं राहून काढायचं असतं. स्तनाच्या कॅन्सरला देतात ते लाल औषध घ्या. ते शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि खालचं मांस जळल्यासारखं होतं, जखम महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून मनगटाजवळची किंवा कोपराच्या वळणावरची शीर टाळायची, हातावरची धडधाकट शीर शोधायची, लाइनमध्ये रक्त मागे येतंय का बघायचं, औषध चालू असताना तिथून हलायचं नाही आणि 'झोंबतंय का?' हे पुन्हापुन्हा विचारायचं. उद्या लघवी लाल होईल, ते रक्त नव्हे, हेही आधीच सांगून ठेवायचं. नाहीतर घरी रात्रभर रडारड. तोंडाच्या कॅन्सरवाल्याला नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची, आखडलेला जबडा आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकेक वाढवत कसा उघडायचा, हे शिकवणारीही तीच. डॉक्टरांना हे ठाऊक नसतं असं नाही, त्यांना तेवढा वेळ नसतो.

आता हिशेब. असं वर्ष घ्यायला निघालेली मुलगी कोण असते? चार-सहा वर्षं खासगी रुग्णालयात नोकरी केलेली. तिच्या पगारावर धाकट्या भावाची फी, घराच्या स्लॅबचा हप्ता, आईच्या बीपीच्या गोळ्या. शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्याला फी आठवते. राज्य सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. पहिल्या पदवीपर्यंत पोहोचायला तो मोठाच आधार आहे. पण या पुढच्या वर्षात फीपेक्षा बुडालेला पगार जड जातो. त्यात मुंबईत खोलीचं भाडं. सरकारी नोकरीतल्या सिस्टरला अभ्यासरजा कागदावर असते. 'तुमच्या जागी लसीकरण कोण करणार?' इथे घोडं अडतं.

जुन्या लोकांना हे बरोबर कळलं होतं. परिचर्येच्या इतिहासात प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय नर्स म्हणून मुंबईच्या काशीबाई गणपत यांचं नाव येतं, साल १८९१. दुसऱ्याच वर्षी जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी काढला. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत दोन स्त्री-डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुण्यात मुलींना नर्सिंगसाठी ससून रुग्णालयात धाडलं तेव्हा त्यांच्या राहण्याचीही सोय पाहिली; विधवा मुलगी घराबाहेर पडायची तर आधी तिच्या डोक्यावर छप्पर हवं, हे रमाबाईंना कोणी सांगायला नको होतं. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांचे पती दोराबजी यांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने त्या रोगावरच्या संशोधनासाठी निधी उभा केला. स्त्रियांनी आरोग्य आणि समाजकार्याचं पुढचं शिक्षण घ्यावं यासाठीही मेहरबाईंच्या नावाचा वेगळा निधी आहे. परळचं रुग्णालय सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, म्हणजे या निधींच्या नंतर.

कोणी म्हणेल, एवढं वर्षभर शिकवायची काय गरज? मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून जवळजवळ दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून गर्भाशयमुखाची तपासणी करायला लावली. पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का बघायचं. १२ वर्षांनंतर, ज्या वस्त्यांत ही तपासणी होत होती तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. चार आठवड्यांत एवढं होतं, हे मला मान्यच आहे, आणि कडावच्या आरोग्यसेविकेला ते आजच शिकवावं. पण डाग दिसल्यावर पुढे काय? मुंबईला जायला घाबरणाऱ्या बाईला तयार करणं, तिची रेडिएशनची पाळी चुकू न देणं, तिकडून आल्यावर तिचा ताप ओळखणं, आणि हे सगळं दहा आशाताईंना शिकवणं, त्याला ते वर्ष लागतं.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. माझी एक विद्यार्थिनी पदविका घेऊन आली, तिच्या रुग्णालयाने तिला सहा महिन्यांत बाळंतीण कक्षात टाकलं. कारण काय, तर रोटेशन. शिष्यवृत्ती देणाऱ्याने नेमणुकीची अट घातली नाही तर पैसे असेच जातात. खोपोली, रसायनीकडच्या कारखान्यांना कायद्याने सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. ते रुग्णवाहिका देतात, तिच्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवतात. नर्सच्या पाठीवर नाव रंगवता येत नाही, ही अडचण असावी बहुधा! एका सिस्टरचा वर्षाचा पगार, मुंबईतली खोली आणि तिच्या जागी ठेवलेल्या बदलीचा पगार, एवढं धरलं तरी तो खर्च मोठ्या कारखान्याच्या हिशेबात कुठे दिसणारही नाही.

आणि ती सिस्टर इकडचीच हवी. कातकरी वाडीतली घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. जानेवारीत शिबिर लावलं तर मंडप भरतो, वाडी मात्र रिकामी असते. हे इकडच्याच सिस्टरला ठाऊक असतं.

आमच्या भागातली एखादी नर्स मुलगी हे ऐकत असेल तर तिला सांगते. बाई, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण लांबवू नकोस. विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला मिळतं की शेवटी, हॉस्टेल आहे का, बाँड किती वर्षांचा, आणि परत आल्यावर नेमणूक कुठल्या वॉर्डात, हे सही करण्याआधी विचार, आणि उत्तर लेखी घे.