रेघ ओढण्याआधी



सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचं, विहीर त्याची, बांध त्याचा. पण त्याच रानातून ४०० केव्हीची लाइन न्यायची ठरली, तर कायद्याला त्याची संमती लागत नाही. २००३च्या विद्युत कायद्याचं कलम १६४ असं आहे, की सरकार वीजवाहिनी टाकणाऱ्या कंपनीला १८८५च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. तारयंत्राचे खांब रोवता यावेत म्हणून इंग्रजांनी केलेला तो कायदा. जमीन तुमचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो, नुकसानीची भरपाई तिने द्यायची. तुम्ही अडवलंत, तर जिल्हादंडाधिकारी आदेश काढून काम सुरू करून देऊ शकतात. पॉवरग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की मालकाची संमती आवश्यक नाही. २०२३च्या दूरसंचार कायद्याने जुना तार कायदा मोडीत काढला. वीजवाहिन्यांपुरता त्यातला हा भाग मात्र राखून ठेवला.

विचारायची पद्धत म्हणून आहे ती वर्तमानपत्रातली जाहीर सूचना. वर तालुका, खाली गावांची लांबलचक यादी, आणि दोन महिन्यांत लेखी म्हणणं मांडा, असा मजकूर. यादीत आपलं गाव सापडलं, तरी लाइन आपल्या विहिरीवरून जाणार की शिवेपलीकडून, हे त्यावरून कसं कळावं? ते कळतं मोजणीवाले रानात खुंट्या ठोकायला येतात तेव्हा.

तोवर उशीर झालेला असतो. का, ते जरा बारकाईने सांगतो, कारण माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे. सरळ रेषेतल्या टॉवरवर मुख्यतः तारांचं वजन येतं. लाइन जिथे वळते, तिथल्या अँगल टॉवरला तारांची ओढही सोसावी लागते. म्हणून तो जड, त्याचा पाया मोठा, खर्चही मोठा. साहजिकच आखणी करणारे वळणं कमीत कमी ठेवतात आणि आधी तीच पक्की करतात. दोन वळणं ठरली, की मधली रेघ ठरलीच. मग सुमारे ४०० मीटरवर एक टॉवर येतो. तो रेघेवर थोडा मागेपुढे सरकेल, बाजूला सरकणार नाही. “साहेब, तेवढा बांधावर घ्या,” म्हणून शेतकरी विनवतो. बांध रेघेच्या तीस फूट बाजूला असेल, तर चांगल्या मनाच्या इंजिनिअरच्याही हातात काही उरलेलं नसतं.

हाच माणूस वळणं ठरण्याआधी भेटला असता, तर त्याने सांगितलं असतं: इथे पावसाळ्यात ओढा पात्र सोडतो, या पट्ट्याखालून सहा जणांची पाइपलाइन गेली आहे, पलीकडच्या माळावर मुरूम आहे, तिकडून न्या. नकाशात नसलेली ही माहिती फुकट मिळते.

लाइनच नको, असं मी म्हणत नाही. २०३०पर्यंत ५०० गिगावॅट अपारंपरिक वीज ग्रीडमध्ये आणायची, तर सुमारे ५१ हजार सर्किट किलोमीटर नव्या वाहिन्या लागतील, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२२चा आराखडा आहे. त्या कुणाच्या तरी रानातून जाणारच.

आणि जातात तेव्हा काय होतं? ४०० केव्हीसाठी ४६ मीटर रुंदीचा पट्टा धरतात. म्हणजे किलोमीटरला ४.६ हेक्टर, अकरा एकरांहून जास्त. त्यात आंबा-नारळ लावता येत नाही. टॉवरच्या चार पायांमध्ये औत फिरत नाही. दमट हवेत तारा डोक्यावर चरचरत राहतात आणि खाली खुरपणारी बाई वर बघत काम करते. केंद्राच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जमिनीला भरपाई म्हणून किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४मध्ये ते २०० आणि ३० टक्के झाले. ही वाढ हवीच होती.

पण पैसे वाढवले म्हणजे विचारल्यासारखं होत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने नव्या वाहिन्यांसाठी शेतकऱ्यांना किलोमीटरमागे दरसाल ८ हजार डॉलर, २५ वर्षं, देऊ केले. तरीही बॅलरॅटच्या परिसरातले बटाटे पिकवणारे शेतकरी ‘वेस्टर्न रिन्यूएबल्स लिंक’ या वाहिनीच्या विरोधात ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. आधी ठरवलंत आणि मग सांगायला आलात, ही त्यांची तक्रार पैशाने भागली नाही.

रेघ हलू शकते, हे गोव्याने पाहिलं आहे. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या तमनार वाहिनीविरुद्ध लोक उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने २०२१मध्ये ती जुन्या वीजवाहिनीच्या पट्ट्यातूनच न्यावी, अशी शिफारस केली. जंगलासाठी हे जमतं, तर काळ्या रानासाठीही जमायला हवं.

म्हणून माझं मागणं असं आहे: वळणं पक्की होण्याआधी दोन-तीन पर्यायी मार्ग गट नंबरांसह ग्रामसभेत लावा. ती सभा पेरणी-काढणीच्या धांदलीत नको. नोटीस नुसती खातेदाराच्या नावाने काढू नका. तो पुण्या-मुंबईत असतो, आणि रान कसतो भाऊ किंवा वाटेकरी. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या, पण बारा महिने त्या वावरात राबणाऱ्या बाईलाही नकाशासमोर उभं करा. पाणी कुठे साचतं, हे तिला विचारा आणि ती सांगेल ते तिच्यादेखत नकाशावर मांडा.