ख्रिस्ती विद्यार्थिनींशी नीतीविषयी बोलताना

(महाविद्यालयीन विद्यार्थिनींबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शाळा-कॉलेजांत, वसतिगृहांत आपण सत्रं घेतो. बोलून झालं की चिठ्ठ्या मागवायच्या, ही आपली जुनी पद्धत. ख्रिस्ती संस्थांच्या वसतिगृहांत मी गट घेते तेव्हा त्या चिठ्ठ्यांमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : ‘हे पाप आहे का?’ मित्राला एकटीनं भेटणं पाप आहे का? दुसऱ्या धर्माच्या मुलावर प्रेम करणं? त्यानं हात धरला तर? त्यानं हात उगारला म्हणून मी त्याला सोडलं तर?

शेवटचे दोन प्रश्न एकाच यादीत येतात, हे लक्षात घ्या. मारणार तो आणि पापाचा हिशेब मांडणार ती.

आपण या प्रश्नाला बहुधा बगल देतो. ‘पाप-पुण्य राहू दे, कायदा काय म्हणतो ते बघू,’ असं सांगतो. मुलगी कायद्याची कलमं वहीत उतरवून घेते आणि रविवारी चर्चमध्ये तोच प्रश्न घेऊन बसते. कलम तिला पाठ असतं, पण मनातला प्रश्न मिटलेला नसतो. म्हणून मला आज एवढंच सांगायचं आहे : तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या श्रद्धेच्या आतूनही देता येतं, आणि ते देण्याची तयारी आपण केली पाहिजे. आपल्यातल्या ज्या धर्म मानत नाहीत, त्यांनीसुद्धा.

आधी या मुलींच्या कानावर काय पडतं ते पाहू. वसईच्या कॅथलिक मुलीला धर्मशिक्षणाच्या वर्गात फादर-सिस्टर शिकवतात, अहिल्यानगर-जालन्याकडच्या प्रोटेस्टंट मुलीला पाळकसाहेब आणि संडे स्कूलच्या बाई. चर्च वेगळं, जात-बोली वेगळी, पण मुलींना मिळणारा उपदेश बराचसा सारखा : पवित्र राहा, आज्ञा पाळ, क्षमा कर. मुलग्यांनाही हे सांगतात, नाही असं नाही. पण पावित्र्याचा पहारा मुलींवर असतो. यातून आज्ञा पाळण्याची सवय लागते, निर्णय घेण्याची लागत नाही. आणि ज्या दिवशी आज्ञा देणाराच चुकीचं काही मागतो, त्या दिवशी तिच्या हाताशी काही उरत नाही.

मी गटात योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय वाचायला देते. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला लोक येशूपुढे आणतात आणि तिला दगडमार करायची का, असं विचारतात. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मी एकच विचारते : पुरुष कुठं आहे? मोशेच्या नियमशास्त्रात शिक्षा दोघांनाही आहे. रंगेहाथ धरलं म्हणतात, मग धरताना दुसरा सुटला कसा? मुली एकमेकींकडे पाहायला लागतात. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीतला तो रिकामा कोपरा त्यांना पहिल्यांदा दिसतो. येशू त्या बाईला दोषी ठरवत नाही, आरोप करणाऱ्यांना स्वतःकडे पाहायला लावतो. शेवटी तो तिला पुन्हा पाप करू नकोस असंही सांगतो. ते वाक्य गाळू नका. मुलींना शास्त्र पाठ असतं. सोयीचं तेवढं वाचलं की त्या लगेच ओळखतात.

आता निर्णयाकडे येऊ. ख्रिस्ती नीतीमध्ये ‘सदसद्विवेकबुद्धी’ला फार मोठं स्थान आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली आधुनिक जगातील चर्चविषयीच्या दस्तऐवजात तिला माणसाच्या अंतरंगातलं असं स्थान मानलं, जिथं तो एकटाच देवासमोर असतो. प्रोटेस्टंट परंपरेचा तर पायाच तो. १५२१ साली वर्म्सच्या सभेत मार्टिन ल्यूथरनं विवेकाच्याच आधारावर माघार घ्यायला नकार दिला.

पण इतक्या लांब जायची गरज नाही. आपल्या पंडिता रमाबाई पाहा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या, विधवा होत्या, पदरी लहान मनोरमा होती आणि राहण्या-शिकण्यासाठी त्या जोगिणींच्या आश्रयावर अवलंबून होत्या. तरीही त्र्येकत्वासारख्या सिद्धान्तावर त्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांनी म्हटलं, तेव्हा त्यांनी तेही मुकाट्यानं मान्य केलं नाही. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं ते दुसऱ्याचं मानेवर घेण्यासाठी नव्हे, असं त्यांनी कळवलं. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं इंग्रजीत प्रसिद्ध केला. वसतिगृहातल्या मुलींना रमाबाई मुक्ती मिशनच्या, पवित्र शास्त्राचं भाषांतर करणाऱ्या आई म्हणून माहीत असतात. आश्रयाला असूनही प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी म्हणून माहीत नसतात. ती ओळख आपण करून दिली पाहिजे.

मात्र विवेक म्हणजे मनाला येईल ते करणं नव्हे. तो घडवावा लागतो : माहिती घेऊन, जाणत्या माणसाशी बोलून, श्रद्धा असेल तर प्रार्थना करून आणि परिणाम पाहून. त्यासाठी मी विद्यार्थ्यांना चार प्रश्न देते. पहिला : या नात्यात मला खरं बोलता येतं का? दुसरा : मला ‘नाही’ म्हणता येतं का, आणि म्हटलं तर पुढं काय होतं? तिसरा : या निर्णयाचं ओझं कोणावर किती पडतं? चौथा : या नात्यात माझं शिक्षण, माझ्या मैत्रिणी, माझी श्रद्धा वाढते की आक्रसते?

एक प्रसंग घेऊ. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. चर्चच्या तरुण संघातला मुलगा, गाणारा, सगळ्यांचा लाडका. तो तिच्या मोबाइलचा पासवर्ड मागतो, कुठल्या मैत्रिणीशी बोलायचं ते ठरवतो. आणि म्हणतो, ‘मी प्रार्थना केली, देवानंच तुला माझ्यासाठी निवडलंय.’ आता त्याला नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं! या वाक्यापुढे आपलं कायद्याचं ज्ञान थिटं पडतं.

इथं मी लूकचा पहिला अध्याय काढते. देवदूत मरियेकडे येतो. ती घाबरते, विचार करते, हे कसं होईल असा सरळ प्रश्न विचारते. तिला उत्तर मिळतं. मग ती होकार देते, आणि त्यानंतरच देवदूत जातो. मुलींना मी म्हणते, तुमच्या शास्त्रात देवसुद्धा मुलीच्या होकारासाठी थांबतो. मग तरुण संघातल्या मुलाला थांबायला काय झालं? देवाची इच्छा काय आहे हे त्यानं तिला परस्पर सांगायचं नाही. तिच्याशी बोलायला देवाला मध्यस्थ लागत नाही.

सर्वांत अवघड विषय क्षमेचा. मार खाल्लेली मुलगी परत जाते ती ‘क्षमा केली पाहिजे’ म्हणून. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, आणि येशू सत्तर पट सात असं सांगतो. सगळी प्रवचनं इथूनच सुरू होतात. मी म्हणते, अध्याय पहिल्यापासून वाचा. या प्रश्नाच्या आधी काय आहे? लहानांना अडखळवणाऱ्याबद्दल कडक इशारा आहे. मग अपराध करणाऱ्याचं काय करायचं ते पायरीपायरीनं सांगितलं आहे : त्याच्याशी बोला, ऐकलं नाही तर साक्षीदार न्या, तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांगा, मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका समजा. म्हणजे क्षमेच्या आधी सत्य उघड्यावर आणणं आहे. मार खाणाऱ्या मुलीनं पहिली पायरी एकटीनं चढायची नाही, हे मात्र आपण स्पष्ट सांगायचं. क्षमा म्हणजे मनातला सूड सोडणं. त्याच घरात, त्याच हाताखाली परत जाणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिची अट म्हणजे समोरच्यात खरा बदल. योसेफानं भावांना क्षमा केली, पण ते बदलले आहेत का हे तपासून पाहिल्यावरच ओळख दिली.

कॅथलिक मुलींसाठी आणखी आधार आहे. १९८३ च्या चर्च कायद्याच्या ११५३ व्या कलमानुसार जोडीदारापासून शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला ते वैध कारण आहे. धाकानं लावलेलं लग्न ११०३ व्या कलमानं अवैध ठरतं. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये, हिंसा असेल तिथं वेगळं होणं कधीकधी नैतिक दृष्ट्या आवश्यकही ठरतं, असं म्हटलं आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१० साली लिंगभाव धोरणही जाहीर केलं. हे कागद चर्चमध्ये आहेत, फक्त मुलींपर्यंत पोहोचत नाहीत.

देशाचा कायदाही आपोआप बदलला नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार एवढंच कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागासारखं काही सिद्ध करावं लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं १९९७ साली हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि २००१ साली संसदेनं कायदा दुरुस्त केला. त्यामागे कोर्टाची पायरी चढलेल्या ख्रिस्ती बायका होत्या. त्यांनी श्रद्धा सोडली नव्हती, अन्याय सोसणं सोडलं होतं.

आता आपल्या कामाच्या काही गोष्टी. एक, ‘नाही’ म्हणण्याची किंमत असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती मुलीला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. संस्थेचं वसतिगृह हाच अनेकींच्या शिक्षणाचा आधार असतो. तक्रार केली तर जागा जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून संस्थेबाहेरची, विश्वासाची एक तरी बाई तिला माहीत असली पाहिजे. दोन, मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं लैंगिक गुन्हा कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, आणि या कायद्यापुढे तिची संमती धरली जात नाही. हे तिला बोलायला सुरुवात करण्याआधीच सांगा, म्हणजे किती सांगायचं ते तिचं तिला ठरवता येईल. १०९८ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा. तीन, मुलग्यांचेही गट घ्या. चार प्रश्न त्यांनाही द्या, दुसरा प्रश्न उलटा करून : तुझ्यासमोर तिला ‘नाही’ म्हणता येतं का?

आणि शेवटचं. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचं माप म्हणून येशूनं ‘स्वतः’ला घेतलं आहे. स्वतःला शून्य मानायला शिकलेल्या मुलीच्या हातात ते माप रिकामंच राहतं. पुढच्या सत्राला जाताना कायद्याच्या पुस्तिकेबरोबर मराठी पवित्र शास्त्रही पिशवीत टाका. मत्तयाचा अठरावा अध्याय मुलींकडूनच मोठ्यानं वाचून घ्या, पहिल्या ओळीपासून. आणि चिठ्ठ्या नेहमीप्रमाणे मागवा. ‘हे पाप आहे का?’ याच्या जागी ‘मी काय ठरवू?’ असं लिहिलेली एक चिठ्ठी आली, तरी सत्राचं काम झालं असं समजा.