मूळ चित्र आणि छापील तसबीर



मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानान याने आपल्या पदरच्या चित्रकारांकडून रामायणाची जी फारसी प्रत चित्रित करवून घेतली, ती १५९७ ते १६०५ या वर्षांत सिद्ध झाली आणि आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयात आहे. ज्या बऱ्हाणपुरात या सरदाराचे दीर्घकाळ वास्तव्य झाले, तेथे चित्रकलेवर बोलताना त्या ग्रंथाचे स्मरण प्रथम व्हावे हे उचितच आहे. पण त्याबरोबर हाही विचार मनात येतो की, ती चित्रे अमीर-उमरावांच्या मजलिशीतील मूठभर माणसांनी पाहिली, आणि तापीच्या घाटावर स्नानाला येणाऱ्या सामान्य माणसाला त्यांतील एकही पान दृष्टीस पडण्याचा संभव नव्हता. तो संभव पुढे शिळाप्रेसने निर्माण केला. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला, १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, आणि देवादिकांच्या रंगीत तसबिरी गोरगरिबांच्या भिंतीवर आल्या. या तसबिरींकडे मूळ चित्राची हलकी नक्कल म्हणून पाहण्याचा जो प्रघात सुशिक्षितांत पडला आहे, तो मला अन्यायाचा वाटतो. उत्तम छाप ही त्याच चित्राची दुसरी निर्मिती असते, असे माझे प्रतिपादन आहे.

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचेच उदाहरण घ्या. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले आणि १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झालेले हे चित्रकार त्या संस्थेशी इतके एकरूप झाले की, त्यांनी आपल्या आठवणींच्या ग्रंथाला ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हेच नाव दिले. रविवर्म्याच्या पौराणिक चित्रांचा संस्कार आणि जे. जे.चे प्रमुख ग्रिफिथ्ससाहेब यांच्या शाळेतील रेखाटनाची शिस्त हे तर त्यांच्या कलेत आहेतच, परंतु त्यांच्या प्रेरणेचे खरे उगमस्थान मुंबईचा रस्ता हे होते, असे मी म्हणेन. रस्त्यावरचे हमाल, शिपाई, पारशी गृहस्थ, बाजारातल्या बायका यांची त्यांनी काढलेली पोस्टकार्डे पाहिली, किंवा श्रावणातल्या कहाण्या किंकेडसाहेबांनी १९१४ साली ज्या इंग्रजी पुस्तकात आणल्या त्यातील चित्रे पाहिली, की ध्यानात येते : नऊवारीचा काष्टा नेमका कोठे खोचला जातो, चालताना पदर कोणत्या अंगाला ओढ घेतो, कडेवर मूल असले की कंबर कशी कलते, हे सारे या माणसाने डोळ्यांत तेल घालून टिपले होते. पुराणातली स्त्री काढतानाही त्यांना उपयोगी पडले ते हेच निरीक्षण.

पुढे धुरंधरांचीही चित्रे रविवर्मा छापखान्यातून निघाली. प्लेगच्या सुमारास मुंबईहून लोणावळ्याजवळच्या मळवलीला हललेल्या आणि नंतर श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतलेल्या या कारखान्यातले काम कसे चाले, ते थोडे जवळून पाहू. बारीक कणांच्या चुनखडीची शिळा वाळूने घासून तिला सूक्ष्म खरखर आणायची. तिच्यावर चरबीयुक्त खडूने चित्र उलटे उतरवायचे, म्हणजे सरस्वतीचा जो हात चित्रात उजवीकडे दिसायचा तो शिळेवर डावीकडे. मग डिंक आणि किंचित तेजाब यांचा लेप द्यायचा. शिळा ओली केली की मोकळा भाग पाणी धरतो, चरबीची रेघ पाणी झिडकारते आणि रुळावरची शाई तेवढीच उचलते. पण हा झाला एक रंग. प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा, आणि एका तसबिरीला अशा दहा-पंधरा शिळा लागत. पिवळ्यासारखे फिके रंग अगोदर, गडद मागाहून, आणि दर खेपेस कागद त्याच खुणांवर बसला पाहिजे. पावसाळी हवेत कागद दमट होऊन केसभर ताणला गेला तरी ओठाचा तांबडा रंग ओठाबाहेर जातो आणि देवीचा चेहरा बिघडतो. गालावरची एक छटा किती रंगांत फोडायची आणि प्रत्येकाचे ठिपके किती विरळ ठेवायचे, हा निर्णय शिळेवर काम करणाऱ्या कारागिराचा असे. आणि असा निर्णय घेणाऱ्याला नक्कलनवीस म्हणणे मला तरी जमत नाही.

या निर्मितीचे मोल किती, ते आपल्या परिसरातच दिसते. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४४ पासून सुमारे वीस वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती रंगवीत होता. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सर्व जळाल्या. गिलची कबर आपल्या शेजारच्या भुसावळात आहे. पुढे ग्रिफिथ्ससाहेबांनी जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केले, आणि त्यांतीलही पुष्कळ प्रतिकृती १८८५ साली साउथ केन्सिंग्टनला अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. परंतु १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्ससाहेबांचा अजिंठ्याच्या चित्रांवरील दोन खंडांचा ग्रंथ छापून निघाला, आणि भिंतीवरचे रंग झिजत असता अभ्यासक आजही त्या छापील पानांकडे वळतात. मळवलीचा छापखानाही १९७२ साली जळाला. देवघरांतल्या तसबिरी मात्र राहिल्या.

आजच्या तरुण चित्रकाराला शिळेची गरज उरलेली नाही; तो संगणकावरूनच प्रती छापतो. तथापि संगणकाच्या पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा, म्हणून ज्या कागदावर अखेर छापायचे त्याच कागदावर नमुना काढून दिवसाच्या उजेडात तो पाहिल्याखेरीज मंजुरी देऊ नये. कागद आम्लरहित, शक्यतो सुती असावा. शाई रंगकणांची असावी, कारण साध्या विरघळणाऱ्या रंगाची शाई उन्हात लवकर उडते. आणि प्रतींची संख्या ठरवून प्रत्येकीवर सही व क्रमांक घालावा. एवढी दक्षता हा ग्राहकाचा हक्क आहे.

आणखी एक तजवीज मी सुचवितो. मळवलीच्या तसबिरींच्या कडेला कारला-लोणावळ्याच्या छापखान्याचे नाव असते. शिळेवर ठिपके देणाऱ्या माणसाचे नसते. आपल्या गावात यापुढे जो चित्रकार आपल्या चित्राच्या प्रती काढील, त्याने आपल्या सहीखाली छापणाऱ्या कारागिराचेही नाव लिहावे.