दोन हात, एक ताल

तबलावादक ‘धा’ वाजवतो, तेव्हा उजवा हात तबल्यावर आणि डावा डग्ग्यावर एकाच क्षणी पडतो. पण उजव्या हाताची सूत्रं मुख्यतः मेंदूच्या डाव्या गोलार्धाकडे असतात आणि डाव्या हाताची उजव्या गोलार्धाकडे. मग हा मेळ जमतो कसा?

दोन्ही गोलार्धांना चेतातंतूंचा एक जाड पट्टा जोडतो. त्याचं नाव कॉर्पस कॅलोसम. त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. काही निरोप ‘चल’ म्हणतात, तर काही ‘थांब’. म्हणूनच एक हात हलला की दुसरा त्याच्यामागे ओढला जात नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन डॉक्टर ह्यूगो लीपमान यांनी या पट्ट्याला इजा झालेल्या रुग्णाचा अभ्यास केला. सांगितलेली कृती करताना त्याचा डावा हात लुळा नसूनही गोंधळून जाई. उजव्या हाताने काम करणाऱ्यांमध्ये शिकलेल्या हालचालींचा आराखडा बहुधा डाव्या गोलार्धात असतो आणि तो या पुलावरून डाव्या हातापर्यंत पोचतो, असं त्यांनी मांडलं.

पुढे अपस्माराच्या उपचारासाठी काही रुग्णांचा हा पट्टा कापावा लागला. त्यांना बुटांची नाडी बांधण्यासारखी जुनी कामं जमत राहिली. दोन्ही हातांचं नवं कौशल्य शिकणं मात्र अवघड गेलं. म्हणजे शिकण्याच्या काळात या पुलाची गरज सर्वांत जास्त असते.

म्हणून मूल पेटी किंवा तबला शिकताना अडखळलं, तर धीर धरा. त्याच्या मेंदूचे दोन भाग एकमेकांशी बोलायला शिकत आहेत.