बाहेरचे खाणे आणि घरची बाई
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी वडापावावर बोलणार हे कळल्यावर काहीजणींना हसू आले. पण आपल्या हळदीकुंकवात एक वाक्य हटकून कानी पडते: “हल्ली बायका रांधत नाहीत, म्हणून माणसे वडापाव आणि बर्गर खातात.” मला हे मुळीच पटत नाही. का, ते सांगते.

आधी बर्गर. हॅम्बर्गर हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून पडले, पण तो वाढला अमेरिकेत. खिम्याची चकती पावात घालून विकत. (आपल्यातल्या शाकाहारी भगिनींनी घटकाभर सोसावे.) त्या खिम्यावर लोकांचा विश्वास नव्हता; त्यात काय दळले असेल कोण जाणे! १९२१ साली विचिटा येथे ‘व्हाइट कॅसल’ हे दुकान निघाले. त्यांनी दुकान पांढरेशुभ्र ठेवले, बर्गर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भाजला आणि किंमत ठेवली पाच सेंट. पुढे मोटारी वाढल्या. १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या मॅकडॉनल्ड बंधूंनी आपल्या उपाहारगृहातले पदार्थ नऊवर आणले आणि मोटारीपाशी खाणे नेऊन देणाऱ्या मुलींना रजा दिली. कारखान्यासारखे काम वाटले: एकाने भाजायचे, एकाने पाव लावायचा, एकाने गुंडाळायचे. बर्गर १५ सेंटला मिळू लागला. १९५५ पासून रे क्रॉक यांनी ही पद्धत गावोगाव नेली. यात गृहिणीच्या आळसाचा संबंध कोठे आला? माणसे घरापासून लांब गेली. हाती पैसे थोडे, वेळ त्याहून थोडा.

आपल्याकडेही तेच झाले. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून पुरुष एकटे येत, बायकामुले गावी. त्यांना जेवू घालीत त्या खानावळवाल्या बायका. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. म्हणजे ‘बाहेरचे’ जेवणही बाईच रांधत होती, फक्त तिचे नाव कोणी घेत नव्हते.

वडापाव दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी सुरू केला असे सांगतात. वडा आपला जुनाच. पाव पोर्तुगीजांनी आणलेला. एके काळी तो खाल्ला तर माणूस बाटला म्हणत. दोन्ही एकत्र आले आणि गाडी गाठणाऱ्याची सोय झाली. ताट नको, चमचा नको, बसायला जागा नको. कढईतून काढलेला वडा समोर दिसतो, म्हणून शंकाही नको. आमच्या उल्हासनगरच्या सिंधी शेजारणींचे दाल-पकवान पाहा. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या लोकांनी ते बरोबर आणले. चवीला वड्याच्या तोंडात मारील! पण त्याला वाटी लागते, टेकायला जागा लागते. म्हणून ते न्याहारीचे राहिले, धावत्या माणसाचे झाले नाही.

१९८२ च्या गिरणी संपानंतर हजारोंची नोकरी गेली. त्यांतल्या कित्येकांनी वड्याची गाडी टाकली. त्या गाडीवरचा बटाटा सोलायला आणि लसणीची चटणी कुटायला घरातले कोण बसले असेल, हे मी सांगायला नको.

१९९६ साली मॅकडॉनल्ड भारतात आले. गोमांस नाही, डुकराचे मांस नाही. पुढे पावात आपल्याच बटाट्याची टिक्की! इकडे २००४ साली आपल्या कल्याणात ‘गोली वडापाव’ निघाला. वडे कारखान्यात करून गोठवायचे आणि दुकानात तळायचे. अमेरिकेने वडा शिकावा आणि वड्याने अमेरिकेची रीत शिकावी, मोठी गंमत आहे. चवीचे म्हणाल तर मला गाडीवरचाच आवडतो.

आता आपले पाहा. बदलापुराहून मुंबईचे शेवटचे स्टेशन ६८ किलोमीटर. अंबरनाथच्या कारखान्यांत पाळ्या. सकाळी अंधारात स्वयंपाक उरकून, डबा भरून बाई गाडी धरते. संध्याकाळी फलाटावर उभ्याने वडापाव खाते, कारण घरी पोचून पुन्हा कुकर लावायचा असतो. पंधरा-वीस रुपयांत तिला तेवढाच आधार. तिला “रांधत नाहीस” म्हणायचे? ती तर दोनदा रांधते! रोज तळलेले आणि पुन्हापुन्हा तापवलेले तेल पोटाला बरे नाही हे मलाही कळते. पण त्यावर तिला बोल लावून पोट भरत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाची खोली संध्याकाळी रिकामी असते. तेथे साडेसहा ते नऊ पोळी-भाजी विकावी. पोळी भाजीसकट गुंडाळून, कागदात, हातात धरून खाता येईल अशी. घरी न्यायच्या पोळ्या निराळ्या. लाटणाऱ्या भगिनींना रोजच्या रोज मजुरी द्यावी, फुकट राबवू नये. कणीक, तेल, गॅस आणि मजुरी यांचा हिशेब मी एका वहीत मांडला आहे. वही चिटणीसबाईंकडे दिली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी आज चहाच्या वेळी मागून घ्यावी.